स्पॅनिशच्या अनियमित क्रियापदांविषयी मंदारला पत्र

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचलं. तेनेर, पोदेर, पेदीर, आसेर असे सगळे सहा-सहा खणांचे तक्ते तू भिंतीवर लावलेस आणि तरी बोलताना नेमकं रूप तोंडात येत नाही, असं तू लिहितोस. तुझी चिकाटी कमी पडत नाहीये. तक्ता सहाही रूपं एकाच मोलाची असल्यासारखी दाखवतो. ती तशी नाहीत, आणि गोंधळ तिथेच होतो. वर्तमानकाळाच्या बऱ्याचशा अनियमितपणाला एक कारण आहे: शब्दात जोर कुठे पडतो. ते एकदा कानात बसलं की तक्ते उतरवून ठेवता येतील.

आधी माझ्या लिखाणाबद्दल. स्पॅनिश शब्द मी देवनागरीत, लॅटिन अमेरिकेतल्या उच्चाराप्रमाणे लिहितोय. मेक्सिकोतल्या सहकाऱ्यांशी बोलायचं म्हणून तू शिकतोयस, त्यामुळे स्पेनमध्ये चालणारं बोसोत्रोसचं ('तुम्ही'चं) रूप आत्ता वगळून टाक. रोमन लिपीत 'व्ही' लिहिलेलं असलं तरी उच्चार 'ब'च्या जवळ जातो, म्हणून मी बेनीर, बोल्बेर असं लिहीन.

आता जोर. तुला आकडे येतात: सिएते म्हणजे सात, सेतेन्ता म्हणजे सत्तर; नुएबे म्हणजे नऊ, नोबेन्ता म्हणजे नव्वद. सातात 'सिए' आहे आणि सत्तरात नुसता 'से', असं का? सिएतेमध्ये जोर पहिल्या अक्षरावर आहे, सेतेन्तामध्ये तो सरकून 'तेन'वर गेला. लॅटिनमधल्या ऱ्हस्व 'ए' आणि 'ओ'वर जोर पडला की स्पॅनिशमध्ये त्यांचे 'इए' आणि 'उए' झाले. जोर हलला तिथे मूळ स्वर तसाच राहिला. केरेर (हवं असणं) आणि पोदेर (शकणं) हीच गोष्ट करतात. किएरो, किएरेस, किएरे, किएरेन या चारींत जोर धातूवर आहे. केरेमोसमध्ये, म्हणजे नोसोत्रोसच्या ('आम्ही'च्या) रूपात, तो प्रत्ययावर गेला, म्हणून 'के' परत आला. पुएदो, पुएदेस, पुएदे, पुएदेन, पण पोदेमोस.

मराठीत आपण याच जातीची गोष्ट रोज करतो. दूध पण दुधाला, फूल पण फुलाला, मीठ पण मिठाला. प्रत्यय लागला की आतला दीर्घ स्वर ऱ्हस्व होतो, आणि त्यासाठी कुणी तक्ता पाठ केलेला नसतो. आपल्याकडे प्रश्न स्वराच्या लांबीचा आहे, त्यांच्याकडे आघाताचा. पण शब्दाच्या शेवटी काही जोडलं की पोटातला स्वर बदलतो हे तुझ्या कानाला नवीन नाही. त्या कानावर विसंब.

वर्गात या क्रियापदांना 'बुटातली क्रियापदं' म्हणतात, कारण तक्त्यात बदललेल्या खणांभोवती रेघ ओढली की बुटाचा आकार होतो. ते चित्र बदल कुठे होतो हे दाखवतं, का होतो हे सांगत नाही. म्हणून शिकणारे 'पुएदेमोस', 'किएरेमोस' म्हणत राहतात. नोसोत्रोसचं रूप तोंडात येताना जोर 'दे'वर, 'रे'वर टाक. मग 'पुए' म्हणणंच जड जातं. अर्जेंटिनात 'तू'साठी बोस वापरतात आणि त्याची रूपं आहेत पोदेस, केरेस, तेनेस, जोर शेवटच्या अक्षरावर. जोर प्रत्ययावर गेला आणि धातू जसाच्या तसा राहिला. नियम खरा असल्याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

स्वर बदलाचे प्रकार मोजके आहेत. 'ए'चा 'इए': पेन्सार, केरेर, एन्तेन्देर, प्रेफेरीर. 'ओ'चा 'उए': पोदेर, बोल्बेर, दोर्मीर, आल्मोर्सार. 'ए'चा 'ई': पेदीर, सेर्बीर, रेपेतीर, सेगीर. 'उ'चा 'उए' करणारं क्रियापद एकच, हुगार: हुएगो, हुएगास, पण हुगामोस. यातली कामाची गोष्ट अशी की 'ए'चा 'ई' फक्त '-ईर'ने संपणाऱ्या क्रियापदांत होतो, '-आर' आणि '-एर'मध्ये कधीच नाही. पेदीर म्हणजे मागणं, त्याचं पीदो. पेर्देर म्हणजे हरवणं, त्याचं पिएर्दो. या दोघांत गल्लत झाली की आधी शेवट बघ.

उलटी चूकही सर्रास होते. नियम नवा कळला की माणूस दिसेल त्या 'ए'चा 'इए' करतो. देबेरचं देबो आणि बेन्देरचं बेन्दोच होतं, कारण लॅटिनमध्ये तिथला 'ए' दीर्घ होता. एन्तेन्देरचं एन्तिएन्दो, पण देपेन्देरचं देपेन्दो. देफेन्देरचं देफिएन्दो, पण ओफेन्देरचं ओफेन्दो. नुसत्या मूळ रूपावरून हे ओळखता येत नाही. म्हणून वहीत मूळ रूप एकटं कधीच लिहू नकोस. शेजारी 'यो'चं, म्हणजे 'मी'चं, रूप लिहिल्याशिवाय तो शब्द शिकलो असं धरू नकोस. शंका आली तर रेआल आकादेमिआ एस्पान्योलाचा शब्दकोश फुकट पाहता येतो. ही संस्था १७१३ साली माद्रिदला स्थापन झाली. त्या कोशात क्रियापद उघडून 'कोन्हुगार' दाबलंस की पूर्ण तक्ता समोर येतो. तपासायला तक्ता उत्तम आहे, पाठांतराला नाही.

सहा रूपं का पाठ करायची नाहीत तेही सांगतो. 'तू'च्या रूपातला शेवटचा 'स' काढला की 'एल' (तो), 'एया' (ती) आणि 'उस्तेद'चं (आदरार्थी 'आपण'चं) रूप मिळतं. त्याला 'न' जोडला की अनेकवचन. तिएनेस, तिएने, तिएनेन. ओयेस, ओये, ओयेन. बास, बा, बान. हे फक्त सेरमध्ये मोडतं: एरेस, एस, सोन. नोसोत्रोसचं रूप मूळ रूपावरून सरळ बनतं आणि फक्त तीन ठिकाणी फसवतं: सेरचं सोमोस, ईरचं बामोस, आबेरचं एमोस. बाकी कितीही वेडंवाकडं क्रियापद घे, देसीमोस, साबेमोस, ओईमोस, सगळी सरळ. म्हणजे प्रत्येक क्रियापदामागे लक्षात ठेवायची रूपं दोनच, 'यो'चं आणि 'तू'चं. नोसोत्रोसचं रूप जोर ऐकायला म्हणायचं. तेंगो, तिएनेस, तेनेमोस. दीगो, दीसेस, देसीमोस. मोठ्यानं म्हण. मनात वाचताना जोर पडतच नाही, आणि इथे सगळं त्याच्यावरच उभं आहे.

'यो'च्या रूपावर मात्र जीव लाव. इथे जोराचा नियम पुरत नाही. ही रूपं वेगळीच बसवावी लागतात. 'गो' लावणारा गट रोजच्या बोलण्यात सगळ्यात जास्त येतो: आसेरचं आगो, पोनेरचं पोंगो, सालीरचं साल्गो, त्राएरचं त्राइगो, काएरचं काइगो, ओईरचं ओइगो. तेनेर, बेनीर, देसीर या तिघांत 'गो' आणि स्वरबदल दोन्ही आहेत: तेंगो पण तिएनेस, बेंगो पण बिएनेस, दीगो पण दीसेस. इथे लोक 'तिएंगो' म्हणतात, कारण दोन्ही बदल एकाच रूपात कोंबतात. 'गो' आला की 'इए' येत नाही, एवढं धर. पोनेर, तेनेर, बेनीर यांना उपसर्ग लागून झालेली क्रियापदंही त्यांच्यासारखीच चालतात, म्हणून मान्तेनेर, ओब्तेनेर, प्रोपोनेर, सुपोनेर, कोन्बेनीर वेगळी शिकायची गरज नाही.

दुसरा मोठा गट 'स्को'चा. कोनोसेर, पारेसेर, ओफ्रेसेर, त्रादुसीर: कोनोस्को, पारेस्को, ओफ्रेस्को, त्रादुस्को. '-सेर' किंवा '-सीर'च्या आधी स्वर असेल तर बहुधा 'स्को' होतं. आधी व्यंजन असेल तर नुसतं 'सो', जसं बेन्सेरचं बेन्सो. आसेर आणि देसीर या नियमात बसत नाहीत, पण ती तर तुला येतातच.

इथे देवनागरीचा एक फायदा आहे आणि तो तू जरूर घ्यावास. पुस्तकं दिरिहीर, एलेहीर, बेन्सेर, सेगीर यांचीही गणना स्पेलिंगच्या बदलांत करतात: 'जी'च्या जागी 'जे' आला, 'सी'च्या जागी 'झेड' आला. देवनागरीत लिहून बघ. दिरिहीर, दिरीहो, दिरीहेस. बेन्सेर, बेन्सो, बेन्सेस. उच्चार हललाच नाही. तो टिकवण्यासाठीच रोमन अक्षर बदलावं लागलं. एलीहो आणि सीगो यांत 'ए'चा 'ई' झालाय तेवढाच खरा बदल. कोनोस्कोमध्ये मात्र मधला 'क' कानाला ऐकू येतो, तिथे रूप खरोखर बदललं आहे. तेव्हा नवं क्रियापद आलं की आधी देवनागरीत उतरव: कानाला जे बदललेलं वाटेल तेच लक्षात ठेव, बाकीचं लिहिताना बघू. याच गटातलं कोहेर हे क्रियापद पाठ्यपुस्तकात उदाहरण म्हणून हमखास भेटेल. स्पेनमध्ये त्याचा अर्थ साधा 'घेणं', मेक्सिकोत आणि अर्जेंटिनात तो अश्लील आहे. तू तोमार किंवा आगार्रार वापर, दोन्ही नियमित आहेत.

'यो'चं रूप 'ओ'ने न संपणारी क्रियापदं फक्त सहा: सोय, एस्तोय, बोय, दोय, से, ए. म्हणजे सेर, एस्तार, ईर, दार, साबेर, आबेर. ही आधी तोंडपाठ कर, कारण यांच्यावाचून एक परिच्छेदही बोलता येत नाही. पुढे 'उस्तेद'च्या आज्ञार्थाची आणि संकेतार्थाची (सुब्हुन्तीबोची) रूपं 'यो'च्याच रूपावरून बनतात: तेंगोवरून तेंगा, दीगोवरून दीगा, कोनोस्कोवरून कोनोस्का. तिथे हेच सहा वेगळे चालतात. आत्ता 'यो' पक्कं केलंस तर पुढचं अर्धं काम झालेलं असेल.

आता मराठी माणूस हमखास घसरतो ती जागा. 'मला दोन पुस्तकं हवी आहेत' असं आपण म्हणतो. क्रियापद पुस्तकांप्रमाणे चालतं आणि 'मी'ला 'ला' लागतो. त्या सवयीनं किएरेन किंवा मे किएरेन तोंडातून निघतं. स्पॅनिशमध्ये हवं असणारा माणूस कर्ता असतो: किएरो दोस लीब्रोस. 'मला माहीत आहे'चं से, 'मला जमतं'चं पुएदो, 'मला भूक लागली आहे'चं तेंगो आम्ब्रे. 'मला'ने सुरू होणारं वाक्य आलं की एक क्षण थांब आणि 'यो'चं रूप शोध. याला ठळक अपवाद गुस्तार, आणि तो आपल्या बाजूचा आहे: मे गुस्ता म्हणजे मला आवडतं, मे गुस्तान लोस लीब्रोस म्हणजे मला पुस्तकं आवडतात. इंग्रजीतून शिकणारे तिथे दिवसेंदिवस अडकतात. तू मराठीतून सरळ जा.

सरावासाठी कार्डं कर, पण मागच्या बाजूला तक्ता नको. पुढे मराठी वाक्य: 'आम्ही उद्या परत येतो', 'तू काय म्हणतोस?', 'मी तिला ओळखतो'. मागे पूर्ण स्पॅनिश वाक्य: बोल्बेमोस मान्याना, के दीसेस, ला कोनोस्को. एका वेळी क्रियापदं पाचच घे, आणि पहिले पाच सोडले तर त्यात एक तरी नियमित असू दे, नाहीतर प्रत्येक 'ओ'चा 'उए' करायची सवय लागते. प्रत्येकाची 'यो', 'तू', नोसोत्रोस अशी तीन वाक्यं कर आणि कार्डं पिसून घे; ठरलेल्या क्रमानं म्हटलं तर जीभ क्रम शिकते, रूप नाही. चुकलेलं कार्ड गठ्ठ्याच्या तळाला न टाकता दोन-तीन कार्डांनंतर परत घुसव.

सुरुवात सेर, एस्तार, ईर, तेनेर, आसेर यांनी कर. मग पोदेर, केरेर, देसीर, साबेर आणि एक नियमित, आब्लार. तिसऱ्या पाचांत बेनीर, पोनेर, पेदीर, कोनोसेर आणि कोमेर. कोमेर मुद्दाम घेतलंय, त्याचा 'ओ' जोर पडूनही बदलत नाही: कोमो, कोमेस. काबेर हे मजेशीर क्रियापद आहे, 'यो'चं रूप केपो, अर्थ 'मी मावतो'. पण ते तुला वर्षभरात क्वचितच लागेल. कोन्स्त्रुईर आणि त्याची भावंडं जोर धातूवर असताना 'य' घेतात, कोन्स्त्रूयो पण कोन्स्त्रुईमोस, तीही नंतर.

या पंधरा क्रियापदांची पंचेचाळीस वाक्यं लिहून पाठव. रोमन आणि देवनागरी दोन्हीत लिही, आणि जिथे जोर आहे त्या अक्षराखाली रेघ ओढ. रेघा बरोबर असल्या तर रूपांची काळजी मी करणार नाही.

तुझा,
अजित