फेलबारला गेलेल्या लेकीस

ॲडबार किल्ला

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल सुंडाबारच्या तांड्याबरोबर पोचलं. आपल्या ड्वार्फांच्या युद्धदेवाची, क्लँगेडिनची, शपथ घेतलीस, आता त्याच्या अलाघोरांच्या, म्हणजे लढवय्या पुजाऱ्यांच्या, हाताखाली शिकणार, हे ऐकून बाबा भट्टी तशीच सोडून उठले आणि अख्ख्या गल्लीत सांगून आले. मी मात्र तुझं एकच वाक्य वाचत बसले: ‘आता दोन्ही हातांत कुऱ्हाड धरते.’

डाव्या मनगटाचं काय गं?

हे लिहायचं नाही असं ठरवलं होतं. इकडचं सांगते. आजीचा खोकला कमी आहे. भावाने तुझ्या पत्राला हात लावला नाही, पण रात्री दिवा त्याच्याच खोलीत होता आणि पत्रही तिथेच होतं. आजोबांच्या शिरस्त्राणाचा विषय त्याच्याकडे काढू नकोस, वेळ जाऊ दे.

रणपित्या क्लँगेडिनच्या गोष्टी तुला मीच सांगितल्या, हे विसरलेले नाही. रुपेरी दाढी, दोन हातांत दोन कुऱ्हाडी, समोर डोंगरी महाकाय. त्या महाकायांच्या देवाशी, ग्रोलंटरशी, त्याचं वैर ऐकताना तू अंथरुणात उभी राहायचीस, भाऊ पांघरुणात शिरायचा. पण बाळा, तो देव आहे. त्याचा हात कधी खाणीत दगडाखाली सापडला नाही. तुझा सापडला होता. बेरोनार देवीच्या पुजारणीने हाड बसवलं तेव्हा तू बाबांचा कातडी पट्टा दातांत धरलास आणि हूं की चूं केलं नाहीस. पट्ट्यावरचे दात अजून दिसतात. बाबा दुसरा पट्टा घेत नाहीत, कितीही सांगितलं तरी.

थंडीत ते मनगट आखडतं. फेलबारला थंडी काय कमी आहे? तुझ्या गुरूंना हे ठाऊक आहे का? पत्रात त्याबद्दल एक अक्षर नाही, म्हणून विचारते. सांगितलं नसशील, तर एवढं ऐक. क्लँगेडिनला भित्रेपणा खपत नाही तसं कपटही खपत नाही. शेजारी ढाल धरून उभा राहणारा तुझ्या डाव्या हातावर विसंबणार. त्याच्यापासून दुखणं लपवायचं आणि वर मानाच्या गोष्टी करायच्या, हे कुठल्या देवळात चालतं? लढाईत मरण आलं तर त्याहून मोठा मान नाही, हे तुम्हा सगळ्यांना तोंडपाठ. त्याच शिकवणीत, जीव उगाच वाया घालवू नये, हेही आहे. ते म्हणताना तरुणांचा आवाज नेमका बारीक होतो!

उपदेश झाला. रागावू नकोस. तू लहान नाहीस, शपथ तुझी आहे, आणि ती मोड असं मी मेले तरी म्हणणार नाही.

तुम्हाला कल्पना नाही गं, आधी काय दिवस होते. माझ्या आईच्या वेळी अख्ख्या गल्लीत एखादाच पाळणा हलायचा. पुढे 1306 साली मोराडिन देवाने तो गडगडाटाचा आशीर्वाद दिला आणि घराघरांत जुळी जन्मू लागली. तुम्ही दोघं झालात तेव्हा आजीने दोन्ही पाळण्यांवर बेरोनारच्या जोडकड्या बांधल्या आणि पहाटेपर्यंत तिथून हलली नाही. 1367 साली राजा एमेरस वॉरक्राउनने ओर्कांकडून फेलबार परत मिळवलं, आता तिथल्या भिंतींवर तुमच्याच वयाची पोरं उभी आहेत. तुझं नाव त्यांच्यात आहे म्हणून माझी मान ताठ होते. आणि रात्री झोप येत नाही, तीही त्यानेच.

तू माघार घेणाऱ्यातली नाहीस, याचीच तर मला धास्ती. तुकडीला मागे हटायचा हुकूम झाला तर तूही हट. फळी नीट राखत मागे येणं म्हणजे पळणं नव्हे.

तांडा उद्या निघतोय. बाबांनी डाव्या हातासाठी वेगळी कुऱ्हाड घडवली आहे, पातं हलकं, दांडा आखूड. मी काही बोलले नव्हते, त्यांनी आपणहूनच केली. लोकरीचे मोजे आणि मनगटाला लावायचं मलम त्याच गाठोड्यात आहे. मलम निजताना लाव, सकाळी नको, मूठ घसरते. आणि गुरूंना हात दाखवलास की ते काय म्हणाले ते सविस्तर कळव, याच तांड्याच्या परतीला.

तुझी,
आई