सेवा क्लबांचा जुलै आणि लेकरांचा आषाढ

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लायन्स असो की रोटरी, सेवा क्लबांचे नवे वर्ष १ जुलैला सुरू होते. तालुक्याच्या गावी पदग्रहण समारंभ होतो, वर्षभराचे उपक्रम त्याच सुमारास ठरतात, आणि मुलांसाठीचा पहिला उपक्रम बहुधा एक दिवसाचे आरोग्य शिबिर किंवा १५ ऑगस्टचे फळवाटप असतो. ग्रामीण विदर्भात लहान लेकरांसाठी वर्षातला सर्वांत कठीण काळ नेमका हाच. कोठीतली ज्वारी-तूर संपत आलेली, हातचा पैसा बियाणे-खतात गेलेला, आई सकाळपासून निंदणाला वावरात, आणि विहिरीत नवे पाणी उतरल्यामुळे हगवण. दंडाचा घेर मोजायच्या पट्टीवर हिरवा रंग म्हणजे मूल ठीक, लाल म्हणजे तीव्र कुपोषण. जूनमध्ये हिरव्या पट्टीत असलेले मूल पोळ्यापर्यंत लाल पट्टीत जाते ते या चारही गोष्टी एकदम आल्यामुळे.

शिबिरे भरतात जिल्हा परिषदेच्या शाळेत. तिथे येतात सहा वर्षांवरची मुले, ज्यांना शाळेत निदान दुपारचा आहार मिळतो. अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांच्या मुलांना गरम शिजवलेले जेवण मिळते. सहा महिने ते तीन वर्षे या वयाच्या मुलांसाठी घरी नेण्याचा आहार, म्हणजे टीएचआरचे पाकीट मिळते आणि ते घरातल्या सगळ्यांत वाटले जाते. कुपोषणाचा सर्वाधिक धोका याच वयाला असतो, आणि ही मुले शिबिराच्या दिवशी आजीच्या मांडीवर घरी असतात. म्हणून क्लबांना आमचे सांगणे असे : शिबिराचा खर्च जुलै ते ऑक्टोबर या सतरा आठवड्यांवर पसरवा, दोनच अंगणवाड्या घ्या, आणि तीन वर्षांखालच्या त्याच वीस मुलांकडे दर आठवड्याला परत जा.

मुले निवडायची ती दंडघेराच्या पट्टीने. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाचा डावा दंड घ्यावा. खांद्याचे हाड आणि कोपराचे टोक यांच्या बरोबर मधे पेनाने खूण करावी, मग हात सरळ खाली सोडून पट्टी लावावी. पट्टी कातडीला टेकलेली हवी, रुतलेली नको. ११.५ सेंमीपेक्षा कमी म्हणजे तीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ म्हणजे मध्यम. चूक होते ती मूल कडेवर असताना हात वाकलेला ठेवून मोजल्याने, आणि मधली खूण न करता अंदाजाने पट्टी लावल्याने. त्यानंतर दोन्ही पावलांवर अंगठ्याने तीन सेकंद दाबून पाहावे. दोन्हीकडे खड्डा राहिला तर ती सूज आहे. सुजेमुळे मूल भरलेले दिसते, वजनही फसवते. अशा मुलाला दंडघेर कितीही असो, तीव्र कुपोषितच धरायचे.

उंचीनुसार वजन काढून पोषण ट्रॅकर या सरकारी अ‍ॅपवर भरणे हे अंगणवाडी सेविकेचे काम, क्लबाने त्यात पडू नये. पण तिला दोन जास्तीचे हात द्यावेत. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी निजवून मोजायची असते. एकाने डोके धरायचे, दुसऱ्याने गुडघे दाबून तळवे फळीला टेकवायचे. मदतनीस चुलीजवळ असली की हे काम एकट्या सेविकेला नीट जमत नाही आणि सेंमी-दीड सेंमीचा फरक पडतो. टांगता वजनकाटा महिन्यातून एकदा तपासावा. किराणा दुकानातले शिक्का मारलेले ५ किलोचे वजन टांगले की काटा खरा की खोटा ते तिथेच कळते. झोळी अडकवल्यावर काटा शून्यावर आणायचे राहून गेले तर झोळीचे वजन बाळाच्या नावावर चढते.

आता खाण्याचे. एक ते दोन वर्षांच्या मुलाला आईच्या दुधाशिवाय वरच्या अन्नातून दिवसाला साधारण ५५० कॅलरी लागतात. पोट मात्र लहान, एका वेळी वाटीभराच्या वर जात नाही. पातळ वरणाचे पाणी आणि बिस्किटे यांनी ते पोट भरते, गरज भरत नाही. सकाळी आई निघण्याआधी एकदा आणि ती संध्याकाळी परतल्यावर एकदा, एवढेच खाणे होते. मधले आठ-नऊ तास जवळजवळ कोरडेच जातात. म्हणून दुपारी दोनच्या सुमाराचा एक घट्ट घास हाच आमच्या मते क्लबाने करण्यासारखा सर्वांत उपयोगी उपक्रम.

वीस मुलांना रोज ५० ग्रॅमप्रमाणे पंधरा दिवसांना १५ किलो सामान लागते : ज्वारी ६ किलो, फुटाण्याची डाळ ३, शेंगदाणे ३ आणि गूळ ३. निवडण्यात आणि सालात जाते म्हणून ज्वारी-शेंगदाणे थोडे जास्तच घ्यावेत. ज्वारी आणि शेंगदाणे वेगवेगळे भाजावेत, कारण एकत्र भाजले की शेंगदाणा करपतो आणि ज्वारी कच्ची राहते. फुटाण्याची डाळ भाजलेलीच असते, ती फक्त गरम करावी. सगळे थंड झाल्यावर बारीक दळावे. गूळ पिठात मिसळू नये, तो पावसाळी हवेत पाणी सोडतो आणि पिठाचे गोळे होऊन बुरशी धरते. गूळ शिजवताना टाकावा. मुलामागे ४० ग्रॅम पीठ, १० ग्रॅम गूळ आणि १५० मिलीच्या आसपास पाणी घेऊन पाच मिनिटे उकळावे, उतरवल्यावर एक चमचा गोडेतेल घालावे. पिठाचे आणि गुळाचे मिळून सुमारे २०० कॅलरी व ६ ग्रॅम प्रथिने होतात, तेलाच्या ४५ कॅलरी वेगळ्या. चमचा तिरपा केल्यावर लापशी ओघळून न जाता सावकाश खाली पडली पाहिजे.

बिघडते ते बहुतेक शेंगदाण्यात. पावसाळ्यात सुरकुतलेला, काळपट किंवा हिरवट बुरशीचा दाणा एकेक करून काढावा लागतो. त्या बुरशीचे विष यकृताला घातक असते आणि भाजल्याने पुरते जात नाही. दळलेले पीठ पंधरा दिवसांवर ठेवू नये, तेलकट वास आला की फेकावे. आणि तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती अख्खा दाणा किंवा फुटाणा कधीच देऊ नये, तो श्वासनलिकेत अडकतो. पाकिटे घरोघर वाटण्याऐवजी गावातल्याच बचत गटाच्या एखाद्या ताईला मानधन देऊन लापशी अंगणवाडीत ताजी शिजवावी आणि आजीच्या हातून तिथेच भरवावी. जी घरे अंडे खातात, तिथे आठवड्यातून तीनदा उकडलेले अंडे कुस्करून त्यात घालावे. एका अंड्यात ६ ग्रॅम प्रथिने असतात. अंडी गावात आणूनच उकडावीत, उकडून नेलेली दमट हवेत दुपारपर्यंत टिकत नाहीत.

ही लापशी लाल पट्टीतल्या मुलाचा उपचार नाही. असे मूल भूक मंदावलेले, तापलेले, मलूल किंवा पायांवर सूज असलेले दिसले तर त्याच दिवशी सरकारी रुग्णालयातल्या पोषण पुनर्वसन केंद्रात न्यावे. तिथे सुरुवात दर दोन तासांनी थोड्या थोड्या खास दुधाने करतात, कारण अशा शरीराला एकदम भरपूर अन्न झेपत नाही. लाडू-केळी भरवून मग दवाखान्यात नेणे धोक्याचे आहे. भूक चांगली आहे आणि दुसरा आजार नाही अशी मुले ग्राम बाल विकास केंद्रात, म्हणजे अंगणवाडीतच सुधारू शकतात.

पुनर्वसन केंद्रातला मुक्काम साधारण चौदा दिवसांचा असतो. आई चौथ्या-पाचव्या दिवशी मूल घेऊन परतते, आणि याचा दोष तिला देणे आम्हाला मान्य नाही. घरी दुसरी दोन लेकरे असतात, निंदणाची मजुरी बुडते, बुडीत मजुरीचे पैसे नंतर खात्यात येतात, आणि तोवर मूल हसायला-खेळायला लागलेले असते. इथे क्लबाचा पैसा खरा कामी येतो : जाण्या-येण्याची गाडी, मागे राहिलेल्या मुलांचे दोन वेळचे जेवण, आणि तिसऱ्या दिवशी केंद्रात जाऊन आईशी बोलणारी एखादी सदस्य. सुटी झाल्यावर दर पंधरा दिवसांनी तपासणीला जावे लागते. त्या चारही फेऱ्यांची गाडी आधीच ठरवून ठेवावी. गाडीअभावी दुसरी फेरी चुकली की पुढच्याही चुकतात.

औषधांच्या बाबतीत क्लबाने हात आखडता घ्यावा. जीवनसत्त्व ‘अ’चा डोस नवव्या महिन्यात १ लाख युनिट आणि पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी २ लाख असा नोंदवहीत लिहूनच दिला जातो. शिबिरात वेगळा दिला तर दुप्पट होतो. जंताची गोळी एक ते दोन वर्षांच्या मुलाला अर्धी, म्हणजे २०० मिलिग्रॅम आणि चुरूनच, एका वर्षाखाली मुळीच नाही, आजारी असताना नाही. फिकट दिसणाऱ्या मुलांना सरसकट लोहाच्या बाटल्या वाटणे तर आपल्या भागात चुकीचेच. पूर्व विदर्भ, यवतमाळ आणि मेळघाटात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, आणि त्यातला फिकटपणा लोहाच्या कमतरतेचा असेलच असे नाही. सिकलसेलची पहिली, सोल्युबिलिटी चाचणी पॉझिटिव्ह आली की पुढची इलेक्ट्रोफोरेसिस चाचणी झालीच पाहिजे, कारण पहिलीतून मूल वाहक आहे की रुग्ण ते कळत नाही.

सिकलसेलच्या मुलाला हगवण लागून अंगातले पाणी कमी झाले की वेदनांचा झटका येतो. म्हणून पाणीही याच उपक्रमात धरावे. गोल विहिरीचा व्यास मीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग करावा, त्याला पाण्याच्या खोलीने आणि ७८५ ने गुणावे, म्हणजे लिटर मिळतात. व्यास ४ मीटर, पाणी ३ मीटर, तर ३७,६८० लिटर. हजार लिटरला २.५ ग्रॅम चांगली टीसीएल (ब्लीचिंग) पावडर, म्हणजे इथे साधारण ९५ ग्रॅम. बादलीत लगदा करून पाणी घालावे, दहा मिनिटे निवळू द्यावे, वरचे निवळ पाणीच विहिरीत सोडावे आणि तासाभराने पाण्यातले क्लोरीन दाखवणाऱ्या ओटी चाचणीत पिवळा रंग येतो का ते पाहावे. रंग आला नाही तर बहुधा पोते उघडे राहून पावडर निकामी झालेली असते किंवा पाणी गढूळ असते. ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यातच टाकावे. पेल्याभर पाण्यात अर्धे पाकीट टाकले की द्रावण खारट होते आणि मुलाला अपाय करते. पाकिटाबरोबर लिटरची खूण केलेली बाटलीच द्यावी. झिंकची गोळी हगवण थांबली तरी चौदा दिवस द्यायची, हे आईला दोनदा सांगावे.

पुन्हा पुन्हा दारात जाण्याने काय होते हे आपल्याच विदर्भाने दाखवले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्या बायांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी उभी केली. आज आशाताई बाळंतपणानंतर ४२ दिवसांत ज्या भेटी देतात, त्यांचे मूळ तिथे आहे.

आपल्या दैनिकाला एक विनंती. क्लबाच्या शिबिराची बातमी आली की किती मुले तपासली याबरोबर, चार आठवड्यांनी त्यांतल्या किती मुलांचा दंड पुन्हा मोजला, हाही आकडा मागून घ्यावा. त्यासाठी बातमी महिनाभर उशिरा छापली तरी चालेल.

आपले,
बालआरोग्य व पोषण उपक्रमातील स्वयंसेवक,
जि. यवतमाळ