स्वस्त पॉलिसी डिस्चार्जच्या दिवशी महाग पडते : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : निवृत्तीआधी सहा महिने प्रत्येकाला आरोग्य विम्याच्या पर्यायांचा मराठी तक्ता मिळावा, याबाबत

मा. महोदय,

राज्य सरकारचे बहुतेक कर्मचारी ५८ व्या वर्षी निवृत्त होतात. खासगी नोकरीतला गट विमा बहुधा कामाच्या शेवटच्या दिवसाबरोबर संपतो. मोफत उपचारांचे सरकारी ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड मात्र सत्तरीनंतरच मिळते. मधल्या दहा-बारा वर्षांत पेन्शन तुटपुंजी, रक्तदाब-साखरेच्या गोळ्या सुरू झालेल्या आणि हप्ता चढता. अशा वेळी माणूस सर्वांत कमी हप्ता कोणाचा एवढेच विचारतो. आमचे म्हणणे असे की हॉस्पिटलातून घरी येताना खिशातून किती जाईल, हे आधी पाहिले पाहिजे. ते एकट्याने पाहता येत नाही, म्हणून हे पत्र.

‘आरोग्य संजीवनी’चेच पाहा. १ एप्रिल २०२० पासून आलेली ही प्रमाणित पॉलिसी. अटी सगळीकडे सारख्या, हप्ता कंपनीगणिक वेगळा. पॉलिसी वाईट नाही. खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या २ टक्के, पण दिवसाला जास्तीत जास्त ५,००० रुपये. शिवाय प्रत्येक दाव्यात ५ टक्के वाटा रुग्णाचा. समजा, ३ लाखांची पॉलिसी आहे आणि रुग्ण ८,००० रुपयांच्या खोलीत पाच दिवस राहिला. बिल झाले अडीच लाख : खोली ४० हजार, सर्जन, भूलतज्ज्ञ आणि ऑपरेशन थिएटर १ लाख २० हजार, औषधे, इम्प्लांट आणि तपासण्या ९० हजार. घरचे म्हणतात, दिवसाला तीन हजारांचा फरक, पाच दिवसांचे १५ हजार आपण भरू.

तसे होत नाही. खोली मर्यादेपेक्षा महाग घेतली की कंपनी ८,००० ला ५,००० हे, म्हणजे पाच-अष्टमांशाचे, प्रमाण सर्जनच्या आणि थिएटरच्या बिलालाही लावते. त्या १ लाख २० हजारांतले ७५ हजारच मंजूर होतात. औषधे, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कपात लागत नाही. खोलीचे २५, सर्जन-थिएटरचे ७५ आणि औषध-तपासण्यांचे ९० मिळून १ लाख ९० हजार. त्यातून ५ टक्के गेले की हाती १ लाख ८० हजार ५००. खिशातून ६९ हजार ५००. हातमोजे, मास्क अशा विम्यात न बसणाऱ्या वस्तू यात धरलेल्याही नाहीत. हाच रुग्ण पाच हजारांच्या खोलीत राहिला असता तर साडेअकरा हजारांच्या आसपास गेले असते. अॅडमिशनच्या काउंटरवर हे सांगणारे कोणी नसते, आणि रुग्ण स्ट्रेचरवर असताना कोणी पॉलिसीचे कलम उघडत नाही.

आता आपल्याच खात्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. २०२४ पासून शिधापत्रिका कोणत्याही रंगाची असो, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. साठ ते सत्तरच्या गटासाठी याहून स्वस्त काहीच नाही, हे आम्ही मनापासून मान्य करतो. अडते ते तपशिलात. योजना यादीतल्या उपचारांना आणि अंगीकृत, म्हणजे योजनेशी जोडलेल्या, रुग्णालयांतच चालते. एखादे रुग्णालय एका विभागासाठी अंगीकृत असते, दुसऱ्यासाठी नसते, आणि ते दारात गेल्यावर कळते. रेशनकार्डावरचे नाव आधारशी जुळत नसेल तर मंजुरी अडकते. आणि म्हातारपणाचा रोजचा खर्च, म्हणजे बाह्यरुग्ण तपासणी आणि महिन्याच्या गोळ्या, यात येतच नाही.

म्हणून अनेकांना सुपर टॉप-अप, म्हणजे ठरावीक रकमेच्या वरचाच खर्च देणारा विमा, सुचवला जातो : सरकारी ५ लाख आहेतच, वर ५ लाखांच्या डिडक्टिबलचा (पहिले ५ लाख कंपनी देत नाही असा) स्वस्त टॉप-अप घ्या. ऐकायला पटते, पण हे गणित बहुधा फसते. सरकारी योजनेत बिल ठरलेल्या पॅकेजच्या दराने होते, ते सहसा ५ लाखांपर्यंत पोचत नाही. अंगीकृत नसलेल्या रुग्णालयात गेलात तर सरकारी योजना लागू नाही आणि पहिले ५ लाख तुमचेच. ज्याच्याकडे तेवढी ठेव बाजूला आहे त्याने टॉप-अप जरूर घ्यावा. ज्याच्याकडे नाही, त्याला लहान रकमेची मूळ पॉलिसीच उपयोगाची.

तीही निवृत्तीआधी घेतलेली बरी. विमा नियामकाने २०२४ मध्ये ६५ वर्षांची वयोमर्यादा काढली आणि जुन्या आजारांचा प्रतीक्षा काळ (तोवर त्यांचा दावा मिळत नाही) जास्तीत जास्त ३ वर्षांवर आणला. ५८ व्या वर्षी घेतलेली पॉलिसी ६१ व्या वर्षी मधुमेहासकट पूर्ण कामाला येते. गट विम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत गेल्यास आधीची वर्षे मोजली जातात. अर्ज मात्र मुदत संपण्याच्या दीड महिना आधी करावा, खंड पडला की पाटी कोरी. प्रस्तावाचा फॉर्म स्वतः भरावा. एजंटने ‘आजार नाही’वर मारलेली एक टिक पुढे दावा नाकारायला पुरते.

राज्य कामगार विमा योजनेतून निवृत्त होणाऱ्यांसाठीही एक तरतूद आहे. किमान पाच वर्षे विमाधारक असलेल्यांना वर्षाला फक्त १२० रुपये भरून पती-पत्नी दोघांसाठी वैद्यकीय सेवा चालू ठेवता येते. निवृत्तीच्या दिवशी कंपनीकडून दाखला घेऊन ठेवला की पुढचे काम सोपे होते. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या कित्येकांना हे कोणी सांगितलेलेच नसते, याचे आम्हाला फार वाईट वाटते.

आमच्या बहुतेक मागण्या पैशांच्या नाहीत. निवृत्तिवेतनाच्या कागदांबरोबर एक पानी मराठी तक्ता द्यावा. त्यात जन आरोग्य योजना, कामगार विमा, आरोग्य संजीवनी आणि टॉप-अप यांपुढे एकच अडीच लाखांचे बिल सोडवून दाखवावे. प्रत्येक अंगीकृत रुग्णालयाच्या दारावर, कोणत्या विभागासाठी ते अंगीकृत आहे, हे ठळक लिहावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला, पण गट विम्यावर तो १८ टक्के कायम आहे. निवृत्तांच्या संघटनांनी एकत्र येऊन घेतलेल्या पॉलिसींना तरी तो माफ व्हावा, असा प्रस्ताव राज्याने जीएसटी परिषदेत मांडावा.

आणि एक बारीक पण नडणारी गोष्ट. या पिढीतल्या पुष्कळांची जन्मतारीख शाळेत घालताना १ जून लावलेली आहे. शाळेच्या दाखल्यावर एक वर्ष आणि आधारवर दुसरे. वय वंदना कार्डाचे वय आधारवरून ठरते, त्यामुळे सत्तरी उलटूनही कार्ड निघत नाही. दर नोव्हेंबरला पेन्शनर हयातीचा दाखला द्यायला येतातच. त्याच टेबलावर ६८-६९ वर्षांच्या प्रत्येकाचे आधार आणि शाळेचा दाखला ताडून पाहावा, तफावत असेल तर दुरुस्तीचा अर्ज तिथेच भरून घ्यावा. येत्या नोव्हेंबरपासून हे सुरू करण्याचे आदेश आपण काढावेत, ही विनंती.

आपले,
निवृत्तांच्या विमा दाव्यांचे काम पाहणारे कार्यकर्ते