खिडक्या उघड्या असल्या तरी मी बरी आहे

ती. आई आणि आप्पांस, शि. सा. न.

पत्राला उशीर झाला, रागावू नका. तब्येत उत्तम आहे, शेंगाचटणी अजून पुरतेय.

दादाने इथल्या, म्हणजे जर्मनीतल्या मारबुर्ग गावाचं नाव नेटवर शोधून तुम्हाला घाबरवलं, ते कळलं. जीवघेणा मारबुर्ग विषाणू 1967 साली इथे सापडला हे खरं, पण त्याच्यावरचं काम वेगळ्या, कडेकोट जागी चालतं. तिथे मी जातही नाही. आमच्या प्रयोगशाळेत सर्दी-फ्लूचे विषाणू.

आई, खिडक्यांचं ऐक. बाहेर बर्फ असला तरी इथले लोक सकाळ-संध्याकाळ घरातल्या सगळ्या खिडक्या सताड उघडतात. आधी हीटर बंद, मग पाच-दहा मिनिटं हवा आरपार. नुसती फट ठेवलेली चालत नाही. दमट हवेने भिंतींना बुरशी धरते म्हणून काही भाडेकरारांतही हे लिहिलेलं असतं. "सर्दी होईल की गं," म्हणालीस. अगं, विषाणू थंडीतून येत नाही, माणसाकडून येतो, आणि हवा खेळती असली की खोलीत कमी साठतो. पण तुझंही अगदीच चूक नाही. सर्दीचा ऱ्हायनोव्हायरस 33 अंशांच्या आसपास जोमाने वाढतो, आणि गार हवेत नाक आतून तेवढंच असतं. फुप्फुसातल्या 37 अंशांत तो तितका फोफावत नाही.

आम्ही नाकातून ब्रशने घेतलेल्या पेशी पातळ पडद्यावर वाढवतो. खालून पोषक द्रव, वरून उघडी हवा. चारेक आठवड्यांत त्यांना बारीक केस फुटतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते हलताना मंगळवेढ्याची ज्वारी वाऱ्यावर डुलल्यासारखे दिसतात. नाकातला चिकट स्राव, त्यात अडकलेली धूळ, जंतू, सगळं ते घशाकडे ढकलतात. फ्लू या पेशी मारतो. ऱ्हायनोव्हायरस मात्र मोजक्याच पेशींत शिरतो, नाक गळतं ते मुख्यतः शरीराच्या प्रतिकारामुळे. म्हणून आप्पा, साध्या सर्दीला मेडिकलमधून अँटिबायोटिक आणू नका. विषाणूवर ती चालतच नाहीत.

पैसे पाठवलेत. आधी सोनीच्या लग्नाच्या कार्यालयाचा ॲडव्हान्स द्या, उरलेल्यात लूमचा हप्ता. माझी काटकसर वगैरे काही चाललेली नाही, खरंच. बार्शीच्या स्थळाला मामांनी तूर्त थांबायला सांगावं, मी नाही म्हणत नाहीये.

गड्ड्याच्या जत्रेला नव्हते, आता सोनीच्या हळदीलाही पोचत नाही. पेशींचं खाद्य दर दोन दिवसांनी बदलावं लागतं, आणि त्या आठवड्यात ते करणारं दुसरं कोणी नाही. अक्षतांना नक्की येते. तिला अजून सांगितलेलं नाही. आई, तूच सांग.

तुमची,
राणी