माटवी बांधून देणाऱ्या आमच्या तात्यांना एक जाहीर थँक्यू

तात्यानू, नमस्कार.

तुम्ही हे स्वतः वाचणार नाही हे मला माहितीय, तुमचा फोन बटणांचा आणि तोही बहुतेक वेळा कोनाड्यात पडलेला, त्यामुळे नातू वाचून दाखवेल, त्याला मी बजावून ठेवलंय की मधलं काही गाळायचं नाही. तोंडावर आभार मानायला आले असते तर तुम्ही "काय ता येवडा! जा, चाय घे" म्हणून विषयच संपवला असतात. म्हणून लिहिते आणि चारचौघांत लिहिते, कारण ज्यांनी हे वाचायला हवं असे अजूनही काही जण आहेत आणि ते इथेच असतात दिवसभर.

घाटावरच्या मंडळींना माटवी म्हणजे काय ते कदाचित माहीत नसेल. आमच्याकडे सिंधुदुर्गात गणपतीच्या डोक्यावर आढ्याला एक चौकोनी लाकडी चौकट टांगतात आणि तिला त्या दिवसांत रानात जे जे फुलतं-फळतं ते बांधतात, आंब्याचे टाळे, नारळ, सुपारीची शिपटी, तवसं, शेरवडाची पांढरी पानं, कांगण्याचे घड, तेरडा, कळलावी, पिवळी हरणं आणि कवंडळांची लालभडक रानफळं. गोव्यात हिलाच माटोळी म्हणतात, तिथे तर सरकारचं कला आणि संस्कृती खातं माटोळीची स्पर्धा घेतं, आणि काही लोक शेकड्याने जिन्नस बांधतात. आमची एवढी मोठी कधीच नव्हती. पण होती ती सगळी बाबांच्या हातची आणि एकूण एक गोष्ट रानातून आणलेली, बाजारातून फक्त सुपारी.

बाबांना बांधायला सुतळी चालायची नाही. केवणीच्या सालीचा दोर, तो आदल्या दिवशी पाण्यात भिजत घातलेला असायचा, न्हाणीघराच्या दाराशी ती बादली आणि तिचा तो कुबट वास, तो वास आला की आम्हाला कळायचं की उद्या चवथ. मी स्टुलाखाली उभी राहून एकेक वस्तू वर द्यायची, आणि चुकीची दिली की बाबा काही बोलायचे नाहीत, नुसते हात पुढे धरून उभे राहायचे, मला कळेपर्यंत. पाऊस बाहेर चालूच. एक कवंडळ ते मुद्दाम लांब दोर सोडून खाली बांधायचे, कडेला, माझ्या हाताला लागेल असं, आणि मग पाच दिवस येताजाता मी त्याला टिचकी मारायची. आई ओरडायची, देवाचं आहे ते. बाबा म्हणायचे, तां तिचां.

रानातून आणतानाही त्यांचं एक ठरलेलं. घडातला अर्धाच घ्यायचा. "पुढच्या वर्साक ठेव गो." आता सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळाच्या माळावर, जाऊन बघा, जांभ्याच्या चिरेखाणींनी अर्धा सडा खाल्लाय आणि उरलेल्यात काजूची कलमं लागलीयत, तिथे अर्धा घड ठेवला काय नि न ठेवला काय असं वाटतं. तरी आम्ही यंदाही अर्धाच घेतला, तात्यानू, तुम्ही काही न बोलता अर्ध्यावर कोयता थांबवलात तेव्हाच मला कळलं की हा नियम एकट्या बाबांचा नव्हता.

बाबा २०२४ च्या सुरुवातीला गेले. त्याच्या आदल्या वर्षी अधिक श्रावण होता म्हणून चवथ पार १९ सप्टेंबरला आलेली, रान नुसतं पिकून गेलेलं, आणि बाबांनी माटवी अशी भरली की चौकट मधे वाकली आणि वरून अजून एक दोर घ्यावा लागला. ती शेवटची. पुढच्या वर्षी काय झालं ते तुम्हाला माहितीय पण बाकीच्यांसाठी सांगते. भाऊकीतल्यांनी मुंबईहून येतानाच प्लास्टिकची फुलं, प्लास्टिकची द्राक्षं (द्राक्षं! भाद्रपदात, कोकणात) आणि चमचमणारं लायटिंग आणलं आणि चौकटीला नायलॉनच्या दोरीने गुंडाळून टाकलं. दहा मिनिटांत डेकोरेशन तयार. आई त्याच्याकडे एकदा बघून आत निघून गेली आणि मोदक वळत बसली. मी बोलायला गेले तर उत्तर आलं की आता कोण जाणार रानात, जळवा काय, साप काय, आणि वर एक टोमणा की लग्न झालेल्या पोरीने माहेरच्या गणपतीत किती लुडबुड करावी. मी एकुलती एक आहे. आई एकटी राहते त्या घरात वर्षभर, गळणारी कौलं तीच बघते, लाईटचं बिल तीच भरते, तेव्हा कोणाला लुडबुड करायची हौस येत नाही.

यंदा मी ठरवलं होतं की खरी माटवी बांधायची. पण खरं सांगायचं तर मला नावं माहीत होती, जागा माहीत नव्हत्या. हरणं कुठल्या बाजूला फुलतात, कांगणी कुठल्या झाडावर चढलीय, हे सगळं बाबांच्या डोक्यात, कागदावर काही नाही. फॅमिली ग्रुपवर मेसेज टाकला, कोणाला आठवतंय का बाबा कुठून आणायचे, कोणी सोबत येईल का. त्यावर काय काय आलं! मिस यू काका. हात जोडलेले इमोजी, एक दोन नाही, रांग लागली. कोणीतरी बाबांचा हार घातलेला फोटो टाकला, त्याला अजून हात. एकाने रेडीमेड माटवीची किंमत पाठवली. सोबत येतो असं एकानेही लिहिलं नाही, आणि ह्यातले निम्मे जण बाबांच्या खांद्यावर बसून ओढ्यापर्यंत विसर्जनाला गेलेले आहेत.

आणि तुम्हाला तर कोणी विचारलंही नव्हतं. तुम्ही भाऊकीतले नाही, नात्यातले नाही, तुमची वाडी वेगळी. बाबांबरोबर भजनाला बसायचात एवढंच. चवथीच्या आदल्या सकाळी, तांबडं फुटतंय न फुटतंय तोवर खळ्यातून तुमची हाक, "उठलंस काय गो? चल, सड्यार जावया." हातात कोयता, खांद्यावर गोणपाट, डोक्यावर इरलं नाही, खताच्या पिशवीची खोळ. चहा पण घेतला नाहीत. आई दारात येऊन नुसती उभी राहिली.

सड्यावर तुम्ही जे सांगितलंत ते मी घरी येऊन आईला सांगितलं तेव्हा ती किती दिवसांनी मोठ्याने हसली. मला आयुष्यभर वाटायचं की बाबा रान पोटातूनच शिकून आले. ते लहानपणीच मामाकडे लालबागला गेलेले, मग गिरणीत लागले, मग १८ जानेवारी १९८२ ला संप झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि कोकणातली किती घरं तशीच परत गावाला आली, त्यात बाबा. हे सगळं मला माहीत होतं पण त्याचा आणि माटवीचा काही संबंध मी कधी लावला नव्हता. तुम्ही चालता चालता सहज म्हणालात, "तुझ्या बापाशीक कवंडळ खयचा नि कारीट खयचा ता कळत नाय होता. मीया दाखवलंय सगळा. नंतर तोच माका शिकवूक लागलो."

म्हणजे तेव्हा तिशीचा माणूस, नोकरी गेलेली, हातात गिरणीच्या हिशोबाचे पैसे पण नाहीत, आणि तो तुमच्या मागून सड्यावर फिरून झाडांची नावं पाठ करत होता. दिवाळीत तुळशीपुढे गोविंदा गोविंदा करून अंगठ्याने कारीट फोडायचं आणि त्याची बी कपाळाला लावायची, ते कडू पाणी जिभेला लागलं की मी थुंकायची आणि बाबा म्हणायचे आता वर्षभर कडू काही लागणार नाही, हे ते किती ठामपणे सांगायचे, वाटायचं पिढ्यान्‌पिढ्यांचं तोंडपाठ. त्या माणसाला कारीट ओळखता येत नव्हतं! तात्यानू, बाबा गेल्यानंतर लोकांनी मला बाबांबद्दल खूप काय काय सांगितलं, देवमाणूस होते, शांत होते, सगळं मला माहीत असलेलं. मला माहीत नसलेले बाबा फक्त तुम्ही दिलेत.

यंदा, २०२५ ला, चवथ लवकर, २७ ऑगस्टला, त्यामुळे रान कच्चं. कांगणी हिरवीच, हरणं कुठेतरी चार. तरी तुम्ही फिरवून फिरवून गोणपाट भरलंत.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं ते. संध्याकाळी बांधायला घेतली तेव्हा माझगं, म्हणजे माजघर, भरलेलं होतं, मुंबईची सगळी मंडळी उतरलेली, हातात मोबाईल, व्हिडिओ काढायला तयार. प्लास्टिकचं खोकं यंदाही आणलेलं, ते कोपऱ्यात. पहिला नारळ चौकटीच्या मधोमध बांधतात आणि तो घरच्या कर्त्याने बांधायचा. बाबांच्या आधी आजोबा बांधायचे. तुम्ही नारळाची शेंडी सोडून, त्याला दोर ओवून, गाठ अर्धी करून तयार केलात तेव्हा मोठ्या चुलतभावाने शर्टाची बाही वर करून हात पुढे केला. त्याचं काही वाईट नव्हतं मनात असं धरून चालू, त्याला वाटलं त्याचाच मान. तुम्ही त्याच्याकडे बघितलंतही नाही. म्हणजे अपमान वगैरे नाही केलात, तुम्हाला तो जणू दिसलाच नाही. नारळ घेऊन तुम्ही त्याच्या बाजूने चालत माझ्याकडे आलात आणि माझ्या हातात ठेवलात.

"घरचो हात लागाक व्हयो पयलो. घे गो."

बस्स. भाषण नाही, कोणाला सुनावणं नाही, मुलगा-मुलगी समान वगैरे काही नाही. आणि मग तुम्ही वाकून ते स्टूल दोन्ही हातांनी धरलंत, कारण त्याचा एक पाय आखूड आहे हे तुम्हाला माहीत होतं, बाबा चढायचे तेव्हाही तुम्हीच धरायचात ना? मी वर चढले, माझे हात थरथरत होते, ती अर्धी गाठ पुरी करायला मला बराच वेळ लागला, आणि तेवढा वेळ माझगं गप्प होतं. कोणी व्हिडिओ काढला नाही. काढला असेल तर मला पाठवला नाही. त्यानंतर मात्र गंमत झाली, तोच चुलतभाऊ खाली उभा राहून मला एकेक वस्तू वर द्यायला लागला आणि कांगणी मागितली की शेरवड द्यायचा.

माझ्या लेकीसाठी कवंडळ खाली बांधायचं मी सांगायच्या आधीच तुम्ही दोर मोजत होतात तेही पाहिलं मी. पण नारळाचं वेगळं. वर्षभर मला ज्या गोष्टीसाठी भांडावं लागणार असं वाटत होतं ती तुम्ही एका वाक्यात मिटवलीत, आणि तुम्हाला त्यात काही मिटवण्यासारखं वाटलंच नव्हतं. चांगुलपणावर मोठमोठी वाक्यं फेकणारी माणसं मी ऑफिसात रोज बघते, त्यांना स्टूल हलतंय हे दिसत नाही. तुमच्यासारखी माणसं गावोगाव असतात, कोणाच्या मयताला लाकडं गोळा करताना, कोणाची गुरं पावसात शोधताना दिसतात, त्यांचा सत्कार होत नाही आणि झाला तर ती येणार नाहीत. आणि आम्ही मुंबईत बसून म्हणतो की गावात आता कोण राहिलंय.

पैसे तुम्ही घेतले नाहीत, विषयच काढू दिला नाहीत. गौरीच्या दिवशी आईने पातोळे पाठवले ते मात्र खाल्लेत असं कळलं, हळदीची पानं कोवळी नव्हती अशी तक्रारही पोचली.

आता कामाचं. पुढच्या वर्षी, २०२६ ला, अधिक ज्येष्ठ आहे, चवथ १४ सप्टेंबरला, म्हणजे रान पिकलेलं असणार. रेल्वेचं बुकिंग हल्ली साठ दिवस आधीच उघडतं आणि गणपतीची तिकिटं डोळ्याची पापणी लवायच्या आत संपतात, पण तुतारी एक्स्प्रेसचं मिळालं तर आम्ही दोन दिवस आधी येतो, लेकीलाही सड्यावर यायचंय. केवणीचा दोर यंदा तुम्ही घरून आणलात, पुढच्या खेपेला तो मला काढायला शिकवा. वही आणणार आहे, जागा लिहून घेणार आहे, हसू नका. आणि ते स्टूल सुताराकडे टाकायला आईला सांगितलंय, तिने अजून टाकलेलं नाही, येताजाता जरा आठवण करा.

तुमची,
सड्यापलीकडच्या वाडीतली पोर