‘फायनल’ पुस्तिका नेमकी कोणती?

महोदय,

रबाळे-महापे पट्ट्यातल्या अनेक कारखान्यांत यंत्रांच्या देखभाल पुस्तिका ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘साहेबांनी बघितलेली फायनल’ अशा नावांनी पेनड्राइव्हवरून फिरतात. यावर गिट, म्हणजे फाइलींमधल्या प्रत्येक बदलाचा इतिहास जपणारं सॉफ्टवेअर, हा चांगला उपाय आहे. फुकट आहे, इंटरनेटशिवायही चालतो. पण वर्डची फाइल आहे तशी त्यात टाकली, की तो लवकरच बासनात जातो.

वर्डची ही डॉक्स फाइल म्हणजे झिप केलेलं गाठोडं. ती बदलली एवढं गिटला कळतं, आत काय बदललं ते दाखवता येत नाही. म्हणून मजकूर आधी पॅनडॉक या रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामने मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या चिन्हांनी मांडणी दाखवणाऱ्या निव्वळ मजकुरात आणावा. जोडलेल्या खणांचे तक्ते यात विस्कटतात, ते हाताने नीट करावे लागतात. मग एका ओळीवर एकच वाक्य ठेवावं. कंटाळवाणं वाटतं, पण खरी गंमत इथेच आहे. गिट ओळीशी ओळ ताडून पाहतो आणि जुनी ओळ लाल, नवी हिरवी दाखवतो. आख्खा परिच्छेद एका ओळीत असेल, तर एक आकडा बदलला तरी सगळा परिच्छेद लाल-हिरवा होतो. वाक्यं सुटी असली, की ‘झडप उघडण्यापूर्वी दाब ४ बारपर्यंत उतरवा’ यातल्या ४ चे २ झाले हे चटकन नजरेत भरतं. छापताना ओळी आपोआप जुळतात.

मराठीचे अडथळे वेगळे. युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीची सामाईक संगणकीय पद्धत, येण्यापूर्वीच्या फॉन्टमधला मजकूर म्हणजे गिटच्या लेखी निरर्थक चिन्हांची खिचडी. तो आधी युनिकोडमध्ये आणावा. फाइलचं नाव देवनागरीत असेल तर गिटमध्ये त्याजागी ‘३४०, २४४’ असे आकडे उमटतात. गिटची ‘कोअर डॉट कोटपाथ’ ही सेटिंग ‘फॉल्स’ केली की नाव दिसतं.

गिटमध्ये प्रत्येक बदलासोबत छोटी नोंद लिहायची असते. तीत नुसतं ‘बदल केले’ लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं. ‘नवं गॅस्केट, म्हणून दाब २ बार’ असं कारण हवं. मंजूर आवृत्तीला टॅग, म्हणजे गिटमधली क्रमांकाची खूण, द्यावा आणि तोच क्रमांक छापील पानाच्या तळाशी यावा. पॅनेलशेजारी चिकटवलेला, तेलाचे डाग पडलेला कागद जुना की चालू, हे मग फिटरही ताडून बघू शकतो. आयएसओ ९००१:२०१५ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकाचं कलम ७.५.३ दस्तऐवजांतल्या बदलांवर नियंत्रण मागतं. तिथे हा इतिहास कामी येतो. मंजुरीची सही मात्र वेगळी घ्यावीच लागते.

एक सूचना खरेदी विभागांना. पुरवठादाराकडून नुसती पीडीएफ घेऊ नका. पुस्तिकेचा मूळ मजकूर संपादन करता येईल अशा स्वरूपात देण्याची अट खरेदी आदेशातच घाला.

— एक तंत्रलेखक, ऐरोली