दुसरा पगार सुरू झाला म्हणून लोन वाढवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात पैशाबद्दल जे सल्ले येतात त्यात दोघं कमावणाऱ्यांसाठी बहुतेक वेळा एकच गोष्ट असते, दोघांचे पगार मिळून लोन किती मोठं मिळेल. माझं मत बरोबर उलट आहे म्हणून लिहितेय. घरात दुसरा पगार नव्याने सुरू झाला, म्हणजे मुलं जरा मोठी झाल्यावर कोणी परत नोकरीला लागलं किंवा शिक्षण संपवून जोडीदार कमवायला लागला, तर निदान पहिलं वर्षभर तरी त्या पगाराच्या भरवशावर एकही नवा हप्ता घेऊ नये.

घर एका पगारावर चालतं तेव्हा ती नोकरी गेली तर दुसरं माणूस काहीतरी काम धरू शकतं, तेवढा आधार असतो. दोन्ही पगार हप्त्यांत अडकले की तो आधार संपला, वर नोकरी जायची भीती आता दोन ठिकाणी आणि दोघांतला कुठलाही एक पगार थांबला तरी हप्ता थकणार. बँक दोघांचं उत्पन्न धरून एलिजिबिलिटी काढते, पण त्यात बाळंतपण, आजारपण, वैतागून दिलेला राजीनामा कुठे धरलेला असतो?

मग पैशाचं करायचं काय? आधी हातात खरंच किती उरतं ते बघा. टॅक्स, जाण्यायेण्याचा खर्च, पाळणाघर, दमून घरी आल्यावर बाहेरून मागवलेलं जेवण हे सगळं जाऊन जो आकडा राहतो तो खरा पगार. आणि इथे मला नेहमी राग येतो, पाळणाघराची फी कायम बायकोच्याच पगारातून वजा करतात आणि वर विचारतात, मग उरतंय काय, कशाला करतेस नोकरी. अहो मूल दोघांचं आहे ना, मग फी पण दोघांच्या पगारातून वजा करा की! शिवाय फी काही वर्षांनी बंद होते, नोकरीतली गॅप मात्र पुढच्या प्रत्येक पगारात दिसते.

क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर बाकी सगळे प्लॅन बाजूला ठेवून आधी ती संपवा. महिन्याला 3 टक्के ऐकायला किरकोळ वाटतं, चक्रवाढीने वर्षाला ते 42 टक्क्यांच्या वर जातं, एवढा परतावा खात्रीने देणारी गुंतवणूक कोणाला माहीत असेल तर मलाही सांगा. त्यानंतर तीन ते सहा महिन्यांचा घरखर्च लगेच काढता येईल असा बाजूला. एकाचं उत्पन्न कमीजास्त होणारं असेल तर अजून जास्त.

घराचं लोन आधीच चालू असेल तर ते लवकर फेडायला जादा पैसे भरा. 9 टक्क्यांच्या 20 वर्षांच्या लोनमध्ये पहिल्या हप्त्यातला साधारण 83 टक्के भाग नुसतं व्याज असतं, त्यामुळे सुरुवातीच्या वर्षांत टाकलेला जादा पैसा फार कामाचा. दरवर्षी फक्त एक हप्ता जास्त भरला तरी असं लोन तीन वर्षांहून जास्त आधी फिटतं. (जादा पैसे भरल्यावर मुदत कमी करा असं सांगावं लागतं, नाहीतर कधीकधी नुसता हप्ता कमी करून देतात.)

आणि हो, ज्याने मध्ये काही वर्षं घर सांभाळलं त्याच्या किंवा तिच्या नावावर रिटायरमेंटची पुंजी कमी साठलेली असते, म्हणून नव्या पगारातला एक भाग त्याच माणसाच्या नावावर जायला हवा, जॉइंट अकाउंटमध्ये नाही. थोडे पैसे मजेसाठी ठेवा, त्यावर मी काही बोलणार नाही, ज्याने त्याने बघावं.

संपादकांना एकच विनंती, पुढच्या वेळी दोघांच्या पगारावर किती लोन मिळेल याचा तक्ता छापाल तेव्हा शेजारी अजून एक रकाना द्या, दोघांपैकी एकच पगार उरला तर हप्ता भरून घरखर्चाला किती राहतील. दोन्ही आकडे एकाच ओळीत दिसू देत.

आपली एक नियमित वाचक